खिशांची पानं

१२ नोव्हेंबर १९७३, जळगाव

डॉक्टर म्हणाले, रोज लिहून ठेवत जा. हे काय खातात, किती झोपतात, हात हलतो का, तोंडातून एखादा नवा शब्द निघतो का. म्हणून ही वही. गल्लीतल्या गफूरभाईंनी बांधून दिली. ते चोपड्या बांधतात.

सकाळी दूध-पोळी. दुपारी खिचडी. उजवा हात, पाय तसेच. डावा चांगला. शब्द : नको.

अर्धांगाचा झटका येऊन सहा महिने झाले, तेव्हापासून एवढा एकच शब्द आहे. दूध पुढे केलं की नको म्हणतात आणि पितात. चादर नीट केली तरी नको. मी उठून आत जायला निघाले तरी नको. त्यामुळे त्या शब्दाला आता काही अर्थ नाही, असंच मी धरून चालते.

२१ नोव्हेंबर

बावीस वर्षं यांनी जळगावात फोटो काढले. स्टुडिओ आता बंदच आहे. यांचे थोरले बंधू लखीचंदजी, माझे मोठे भाऊजी, यांचं पुढे वह्या-कागदांचं दुकान आहे. मागची खोली त्यांनी आम्हाला सोडली आहे. काय जमेल ते करा म्हणाले. माझ्याशी सरळ बोलत नाहीत, दाराकडे तोंड करून बोलतात. आमच्यात तशी रीत आहे. मीही पदर पुढे ओढून गप्प असते.

दुकानात मुंबईचे अल्बम येतात. काळं पान, त्यावर फोटोचे चार कोपरे अडकवायला चिकट कागदी कोपरे. आज एक बाई पिशवीत अल्बम घेऊन आली. सगळे कोपरे सुटलेले, फोटो पत्त्यांसारखे खाली पडत होते. काही ठिकाणी तिने खळ लावली होती, तिथे डाग. भाऊजींनी कोपऱ्यांचं नवं पाकीट देऊन तिला वाटेला लावलं.

मला रेशन कार्डाचं प्लास्टिकचं कव्हर आठवलं. पानालाच तसे खिसे का असू नयेत? फोटो आत सरकवायचा, दोन्ही बाजूंनी दिसेल, बोटं लागणार नाहीत. गफूरभाईंना सांगितलं. ते जरा वेळ चष्मा पुसत बसले, मग म्हणाले, प्लास्टिक आणा भाभी, बघू.

३ डिसेंबर

प्लास्टिक कशाने जोडायचं यातच आठवडा गेला. सुईने शिवलं तर भोकापासून फाटतं. शेवटी गफूरभाईंनी त्यांचं पितळी चाक काढलं. चोपडीच्या कातड्यावर सोनेरी रेघ मारायचं ते चाक. शेगडीवर तापवून प्लास्टिकवरून फिरवलं. जास्त तापलं की कापतं, कमी तापलं की उकलतं. मध्ये बटरपेपर धरला तेव्हा पहिली सरळ रेघ जुळली. ओढून पाहिली, सुटली नाही.

मुलाच्या पहिल्या पावलासारखा आनंद व्हावा तसं काही झालं नाही. पाठ दुखत होती. शेगडी विझवून खिचडी टाकली.

यांनी पोळी अर्धीच खाल्ली, उरलेली अर्धी डाव्या हाताने माझ्याकडे सरकवली. भूक कमी होतेय. डॉक्टरांना विचारायचं.

११ डिसेंबर

खिशाचं तोंड कुठल्या बाजूला हवं, यावर चार दिवस. वर ठेवलं तर धूळ जाते. बाहेरच्या बाजूला ठेवलं तर अल्बम तिरका झाला की फोटो घसरतो. आज शिवणीच्या बाजूला ठेवून पाहिलं. पान मिटलं की तोंड आपोआप बंद. काढायला बोट जावं म्हणून तोंडाशी अर्धचंद्र कापला. पोस्टकार्ड साइझला चारही बाजूंनी एक-एक सूत, इंचाचा आठवा भाग, मोकळं ठेवायचं. एका पानात दोन खिसे, एका खिशात पाठीला पाठ लावून दोन फोटो.

गफूरभाई म्हणाले, आता कसं पान वाटतं. त्यांच्या तोंडून हे फार झालं.

२४ डिसेंबर

पहिला अल्बम पुरा. निळं रेक्झिन, आत बारा पानं. नमुन्यासाठी घरातले जुने फोटो भरले, बहुतेक यांनीच काढलेले. मेहरूणचा तलाव, भाऊजींच्या मुलीचं लग्न, अमळनेरला माझ्या शाळेचा वर्ग. यांच्या मांडीवर ठेवला.

बराच वेळ पाहिला. पान बोटाने चोळलं, नाकाशी नेलं. मग नको म्हणाले. पुन्हा नको. आणि एकेक फोटो बाहेर ओढायला लागले. माझा जीव तुटला. यांना तरी आवडेल असं वाटलं होतं.

शब्द : नको. आज बऱ्याच वेळा.

१८ जानेवारी १९७४

धुळ्याचे झुलालभाऊ आले होते. फोटोग्राफर आहेत, यांच्या हाताखाली शिकले. यांच्या पाया पडले. अल्बम पाहून म्हणाले, वहिनी, लग्नसराईला साठ द्या. परत निघताना यांनी त्यांचा हात धरून ठेवला, अल्बमकडे बोट करून नको नको म्हणत राहिले. झुलालभाऊंचे डोळे भरले. मी म्हटलं, त्यांना सगळ्यालाच नको म्हणायची सवय आहे.

अमळनेर, चाळीसगावहूनही मागणी आहे. भडगावच्या फोटोग्राफरने अल्बम नको, सुटी पानं मागितली. त्याच्याकडे एकच फोटो असलेली माणसं येतात म्हणाला.

९ फेब्रुवारी

सकाळी पाचला उठणं. यांचं आवरणं, मालिश, स्वयंपाक, मग शेगडी. गफूरभाई चाक फिरवतात, मी कापते, अर्धचंद्र पाडते. त्या वासाने डोकं जड होतं. यांची खाट तिथेच, खिडकीशी. रोज दुपारी मी भांडी घासायला गेले की हे नमुन्याच्या अल्बममधून फोटो काढतात आणि जमिनीवर ओळीने, तोंड वर करून मांडून ठेवतात. मी येऊन पुन्हा भरते. बोलत नाही आता. बोलून काय उपयोग.

५ मार्च

आज मी ओरडले. फोटो काढून नुसते मांडले नव्हते, एक फोटो धोतराच्या टोकाने पुसत होते. म्हटलं, लोक पसंत करतात, लांबून मागणी येते आणि तुम्हालाच एवढा राग का? मी केलं म्हणून? हे रडले. अंग हलवत, लहान मुलासारखे. डॉक्टरांनी सांगितलंय, या दुखण्यात उगाचच रडू येतं, मनावर घेऊ नका.

अल्बम कपाटावर ठेवून दिला. यांचा हात पोचणार नाही.

संध्याकाळी पुन्हा अर्धी पोळी. डॉक्टर म्हणतात वजन ठीक आहे.

१७ एप्रिल

उकाडा असह्य. पत्र्याखाली बसवत नाही. रचून ठेवलेली पानं एकमेकांना धरतात, उचलताना चर्र आवाज येतो. हाताला तेलकट लागतं. गफूरभाई म्हणाले, प्लास्टिकला घाम फुटलाय. मी म्हटलं, माणसाला फुटतो तर त्याला का नाही. दोघंही हसलो थोडं. फार दिवसांनी.

२९ एप्रिल

आखाजी झाली, अक्षय्य तृतीयेचा सण. मुली माहेरी आल्या, माहेरी लग्नाचे अल्बम निघाले.

दुपारी झुलालभाऊ धुळ्याहून आले ते पिशवी छातीशी धरून. बसले नाहीत. अल्बम माझ्यापुढे ठेवला. मी अर्धचंद्रात बोट घालून फोटो ओढला. आला नाही. जोर केला. आवाज झाला आणि फोटो निघाला, पण नवरीच्या गालाची साल प्लास्टिकलाच राहिली. खाली पांढरा कागद.

झुलालभाऊ म्हणाले, अजून अकरा घरांतून असंच आलंय.

मी कपाटावरून नमुन्याचा अल्बम काढला. मार्चपासून तो तिथेच होता, वर, पत्र्याला लागून. शाळेचा वर्ग निघाला नाही. तलाव निघाला नाही. हे खाटेवरून माझ्याकडे पाहत होते. आज काहीच म्हणाले नाहीत.

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. रोज दुपारी ते फोटो बाहेर काढून वाऱ्यावर ठेवत होते. त्या तेवढ्या दिवसांत त्यातला एकही चिकटला नव्हता.

शब्द : नाही. म्हणजे एकही शब्द नाही. कशाला नको, एवढं मी एकदा तरी विचारायला हवं होतं. बोट दाखवता येतं त्यांना.

३० एप्रिल

मोठे भाऊजी आले. दाराकडे तोंड करून म्हणाले, विकलेला माल आहे. लोकांनी उन्हात ठेवला त्याला आपण काय करणार. गप्प राहिलं तर आषाढापर्यंत विसरतील. ते वाईट नाहीत. त्यांना दुकानाच्या नावाची काळजी आहे, आणि आमचीही.

ते बोलत असताना मागे बादलीचा आवाज झाला. यांनी खाटेवरून वाकून नमुन्याचं एक पान पाण्याच्या बादलीत बुडवलं होतं, तलावाच्या फोटोसकट. मी धावले. गफूरभाईंनी मला हाताने अडवलं. म्हणाले, "भाभी, मागच्या वेळी आपण ऐकलं नाही. आता बघू द्या."

तासभर तसंच. मग डाव्या हाताच्या अंगठ्याने यांनी पान दाबलं, कडेची जुळलेली रेघ खुणेने माझ्याकडून कापून घेतली, आणि कोपऱ्याशी नख लावलं. फोटो पाण्यात हळूच सुटला. तलाव पुरा होता. एका कडेला थोडा ओरखडा.

किती वर्षं यांनी ओले फोटो हाताळले. कागद कधी सोडतो आणि कधी धरतो हे त्या हाताला माहीत आहे. उजवा असता तर आणखी भरभर झालं असतं.

सगळे निघत नाहीत. शाळेच्या वर्गात तीन मुलींचे चेहरे गेले. त्यातला एक माझा.

३ मे

आज मी मोठ्या भाऊजींशी सरळ बोलले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. पदर होता, पण तोंड त्यांच्याकडे होतं. म्हटलं, "आता खरा उन्हाळा सुरू होईल. ज्यांचे अजून चिकटले नाहीत ते वाचतील. मी अल्बम परत आणायला जाते."

ते दाराकडेच पाहत होते. म्हणाले, एकटी कशी जाणार, गफूरला ने. यांच्याजवळ मी बसतो.

एकशे बारा अल्बम आणि भडगावची सुटी पानं.

११ मे, धुळे

रेल्वेचा संप, त्यामुळे सगळी दुनिया एस.टी.त. पारोळ्यापर्यंत उभी होते. झुलालभाऊंच्या दुकानात बादल्या मांडून दोन दिवस बसलो. लोक येत होते. कुणी शिव्या दिल्या, कुणी पाणी विचारलं. एक म्हातारे गृहस्थ अल्बम देईनात, म्हणाले, यात आत्ता फोटो छान दिसतोय, चिकटेल तेव्हा बघू. मी त्यांच्यासमोर नवरीच्या गालाचा तो फोटो ठेवला. त्यांनी अल्बम पुढे केला.

चाळीस परत आले. यांनी दाखवलं तसं मी करते, पण माझा हात यांच्यासारखा नाही. नख लागतं.

१५ मे, अमळनेर

मोठं घर. सासूबाई म्हणाल्या, आमच्या सुनेला अल्बम आवडलाय, परत देणार नाही. मी म्हटलं, अल्बम ठेवा, फोटो बाहेर काढा, पंख्याखाली पसरा, निदान पावसाळ्यापर्यंत. सून दाराआडून ऐकत होती. निघताना तिने मला खुणेने सांगितलं की काढते.

अमळनेरला माहेरची गल्ली दोन पावलांवर होती. गेले नाही. कुणी विचारलं असतं तर सांगणार काय होते.

१९ मे, भडगाव

भडगावच्या फोटोग्राफरला सगळी गिऱ्हाइकं आठवत होती. नऊ पानं त्याने सांगितलेल्या घरांतून गोळा केली. दहावं गिरणा नदीपलीकडच्या एका वाडीत, सुमनबाईंकडे. नवऱ्याचं नाव पुना, दोघं मजुरीला जातात. गफूरभाई बाहेर झाडाखाली बसले, मी आत गेले.

पान खिळ्याला टांगलं होतं. सकाळचं ऊन थेट त्यावर येत असणार. आत एका मुलीचा फोटो, दोन वेण्या, जत्रेत काढलेला, मागे पडद्यावर रंगवलेला बंगला. मुलगी इंदू. दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. अकरा वर्षांची होती.

मी येण्याआधीच सुमनबाईंनी तो काढायचा प्रयत्न केला होता. पुतणीला जवळून दाखवायचा होता म्हणे. कपाळ आणि एक डोळा प्लास्टिकला गेला होता, बाकी चेहरा कागदावर. त्यांनी दोन्ही तसंच एकमेकांजवळ ठेवून पुन्हा टांगलं होतं.

मला वाटलं ओरडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "मनी आंडेरना हाऊ एकच फोटू शे." आंडेर म्हणजे मुलगी. मग विचारलं, पाण्याने निघेल का.

मी सांगितलं, फाटलं ते पाण्याने परत यायचं नाही. हे पान मी बनवलंय, हेही सांगितलं. दुसऱ्या कुणीतरी सांगण्यापेक्षा बरं. त्यांनी विचारलं, इतक्या लांबून एकट्या आल्या का. मी म्हटलं, नाही, बाहेर आमचे भाई आहेत. त्यांनी आधी गफूरभाईंना पाणी नेऊन दिलं.

मी ते पान मागितलं. द्यायला त्यांना वेळ लागला. आठ दिवसांत आणून देते असं म्हटलं, आणि बसमध्ये पूर्ण वेळ ते मांडीवर आडवं धरून बसले.

२२ मे, जळगाव

भाऊजींनी तेरा दिवसांत यांना आपल्या हाताने जेवायला शिकवलंय. सांडतं, पण भरवून घेत नाहीत.

इंदूचं पान यांच्यापुढे ठेवलं. काय झालं ते सगळं सांगितलं, दुकानात माणसाला सांगावं तसं. पूर्ण ऐकलं. मग प्लास्टिककडे हात केला. मी म्हटलं, साफ करायचं? नको. बादलीत? नको. फोटोवर ठेवू? काहीच म्हणाले नाहीत, वाट पाहत राहिले.

प्लास्टिक कापून मोकळं केलं आणि यांनी ते कागदावर ठेवलं. डाव्या हाताच्या एका बोटाने सरकवत राहिले. केसभर इकडे, केसभर तिकडे. गफूरभाई मदतीला वाकले तर हात झटकला. दुपार गेली. माशी बसली तरी हलले नाहीत. एकदा डोळा भुवईखाली बसला, पण वेणी तुटली. पुन्हा सगळं उचललं.

चार वाजता मी पाहिलं तर मुलगी पुरी होती. कपाळावर एक बारीक रेघ, जणू केस आलाय.

फ्रेमच्या दोन काचा होत्या. गफूरभाईंनी त्यांच्यात ते दाबलं आणि कडेने काळी कागदी पट्टी चिकटवली. काचेची कड मी धरली होती.

यांची पोळी पुन्हा अर्धी. उरलेली मी उभ्या उभ्या खाल्ली, सकाळपासून काही पोटात नव्हतं. हे पाहत होते. भुकेचं डॉक्टरांना पुन्हा विचारायला हवं.

२५ मे

प्लास्टिकचे गुंडाळे भाऊजींनी माळ्यावर टाकले. गफूरभाई आता जाड कागदाचं पान करून पाहतायत. कागदातच खिडकी कापायची, मागे दुसरा कागद, शिवणीच्या बाजूने फोटो सरकवायचा, वर बटरपेपर. चमकत नाही. एका दिवसात जेमतेम चार पानं होतात. ज्यांचे अल्बम परत घेतले त्यांना आधी द्यायचे. पहिलं पान यांना दाखवलं. वास घेतला, बोटाने चोळलं, माझ्याकडे परत दिलं.

शब्द : नाही.

२७ मे, भडगाव

एकटीच गेले. गफूरभाईंना काम आहे.

सुमनबाई नुकत्या कामावरून आल्या होत्या. हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. मग काच घेतली. उंबऱ्यात उजेडाला धरून कपाळावरून बोट फिरवलं, काचेवरूनच. मग हळू म्हणाल्या, "बठ्ठी शे." सगळी आहे.

पुना आत आला, त्याने खांद्यावरून पाहिलं आणि बाहेर निघून गेला.

मी समजावून सांगितलं. उन्हात टांगू नका. चुलीजवळ नको. खरं तर पेटीत कपड्यांच्या घडीत ठेवा, सणासुदीला काढा, म्हणजे खूप वर्षं टिकेल. माझ्या परीने मी नीट सांगत होते. त्या सगळ्याला हो म्हणत होत्या. पेटीचं आलं तेव्हा मात्र मान हलवली.

"पेटीमा नही ठेवनं तिले," त्या म्हणाल्या. "अंधारले भ्यास ती."

अंधाराला भिते ती. मग मी उठले आणि घराच्या चारही भिंती पाहिल्या. दारासमोरची नाही, तिथे सकाळचं ऊन. चुलीची नाही. धान्याच्या कणगीमागची एक भिंत होती, तिच्यावर उजेड येतो पण ऊन नाही. खात्री करायला दोनदा बाहेर जाऊन सूर्य कुठून कुठे जातो ते पाहिलं. सुमनबाईंनी कणगी सरकवायला हात लावला.

मग वरवंटा मागून घेतला आणि खिळा मी ठोकला.